वरचं उत्तर आणि बरं उत्तर

मघाशी आपण शब्दप्रमाणाबद्दल बोलत होतो. न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे असा माणूस. आता इंटरनेटवर कोणाला आप्त मानायचं?

स्टॅक ओव्हरफ्लोचं उदाहरण घेऊ. 2008 साली जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते सुरू केलं. प्रोग्रॅमिंगचा प्रश्न कोणीही विचारावा, कोणीही उत्तर द्यावं, वाचकांनी मतं द्यावीत, म्हणजे चांगलं उत्तर आपोआप वर येईल. मला खटकतो तो हा 'आपोआप'.

होतं काय, बघा. पाच मिनिटांत कोणीतरी काम भागवणारं दोन ओळींचं उत्तर टाकतो. त्याला मतं पडतात म्हणून ते वर जातं, आणि वर आहे म्हणून आणखी मतं पडतात. दोन वर्षांनी एखादा अभ्यासू माणूस येऊन सांगतो की बाबांनो, ही पद्धत आता जुनी झाली, हिच्यात धोका आहे. ते उत्तर तळाशी! तिथवर जातं कोण?

2006 साली सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. 48 अनोळखी गाणी, 14 हजारांवर श्रोते. काहींना इतरांनी कोणती गाणी किती उतरवून घेतली ते दिसत होतं, आणि अशांचे आठ वेगळे गट होते. गटागटाला लोकप्रिय गाणी वेगळी निघाली. अगदी उत्तम गाणं सहसा बुडालं नाही, अगदी टाकाऊ सहसा तरलं नाही. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकलं. आपली बहुतेक चांगली उत्तरं या मधल्यांतलीच असतात हो.

चालकांना हे कळत नाही असं नाही. प्रश्नकर्त्यानं स्वीकारलेलं उत्तर कायम माथ्यावर ठेवायची रीत त्यांनी 2021 मध्ये सोडली. 2022 मध्ये ताज्या मतांना अधिक वजन देणारी मांडणी आणली. हे चांगलंच झालं. पण ज्याची दहापेक्षा जास्त उत्तरं स्वीकारली गेली आणि तरी त्यांना शून्य मतं आहेत, अशा माणसासाठी तिथे एक बिल्लाही आहे. त्यात आणखी एक प्रमाणाची अट आहे, ती सोडा. बिल्ला माणसाला मिळतो, उत्तर तळाशी राहतं ते राहतंच. याला मी सांत्वन म्हणेन.

मला पटते ती तिथली बक्षिसाची सोय. एखादं दुर्लक्षित उत्तर आवडलं तर वाचक आपल्या खात्यातले 50 ते 500 गुण लावतो. प्रश्न सात दिवस ठळकपणे झळकतो. आणि ते गुण परत मिळत नाहीत, बरं का. इथे एक माणूस आपल्या पदरचं घालून, आपल्या नावानं सांगतोय की हे उत्तर वाचा. फुकटच्या शंभर मतांपेक्षा मला हे आप्तवचनाच्या जवळचं वाटतं.

मी स्वतः वर्गात उलटच करत आलो. ज्याचा हात आधी वर त्याला विचारायचं. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर दाराशी येऊन बोलायची, आणि नेमकं बोलायची. तिचं म्हणणं दुसऱ्या दिवशी तिच्या नावानं वर्गापुढे मांडावं, हे मला निवृत्ती जवळ आल्यावर सुचलं.

पण बक्षीस लावायला आधी गुण लागतात. साधं अनुकूल मत द्यायलाही तिथे वर्षानुवर्षं 15 गुणांची अट होती. म्हणजे तळाच्या उत्तरानं ज्याचं अडलेलं काम खरोखर झालं, तो नवखा पोरगा बहुधा मुकाच. त्याला एकच विचारा: करून पाहिलंत का, चाललं का? आणि ते 'चाललं' मतांपासून वेगळं मोजा, उत्तराशेजारी तारखेसकट दाखवा. एवढं केलं तरी तळाशी काय पडलंय ते दिसायला लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.