मुखपृष्ठावरील श्रीमंती : 'जवळ' आणि 'चे'

नियतकालिकाचे मुखपृष्ठ म्हणजे आतील मजकुराला घातलेले शोभेचे वेष्टन, ही समजूत मराठी समीक्षेत अद्याप दृढ आहे. दिवाळी अंकांच्या परीक्षणांत कथा, कविता, लेख यांचा परामर्श घेऊन झाल्यावर अखेरीस 'मुखपृष्ठ आकर्षक आहे' एवढाच शेरा येतो. वस्तुतः मुखपृष्ठ हे एक विधान असते, आणि प्रत्येक विधानाप्रमाणे त्यालाही व्याकरण असते. रोलाँ बार्थ याने 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात 'पारी-माच' या साप्ताहिकाच्या एका मुखपृष्ठाचे केलेले विवेचन प्रसिद्धच आहे. फ्रेंच गणवेषातील एक कृष्णवर्णी तरुण सलामी देतो आहे, इतकेच त्या चित्रात दिसते. परंतु साम्राज्य न्याय्य आहे, हा त्याचा अर्थ होतो. मराठी मुखपृष्ठांवरील संपत्ती आणि वर्ग यांचे दर्शन याच दृष्टीने तपासावयास हवे.

मराठी मुखपृष्ठावरील श्रीमंतीचा उगम देवप्रतिमेत आहे. राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि कमळावर उभी असलेली, साडी व अलंकार ल्यालेली लक्ष्मी घरोघरी पोहोचली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि लक्ष्मीपूजनाचा सण व मासिकाचा विशेषांक यांची सांगड पक्की झाली. पुढे मुखपृष्ठावर आली ती लक्ष्मीच. मात्र तिचे दोन हात गेले, कमळ गेले, आणि हातात निरांजन वा पणती घेतलेली गृहिणी उरली. दागिने तेवढे राहिले. देवीची श्रीमंती तिच्या देवत्वातून येते; ती कोठून आली असे कोणी विचारीत नाही. ही सवलत गृहिणीलाही आपोआप मिळाली.

या परंपरेचा विकास दोन गोमंतकीय चित्रकारांच्या हातून झाला. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केले. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या चित्रांनी मासिकांबरोबर दिनदर्शिकांच्या भिंतीही व्यापल्या. दलालांची रेषा लयदार आणि चैतन्यपूर्ण आहे. मुळगावकरांचा भर कांतीच्या तुकतुकीत, नितळ पोतावर आहे. दोघांचे कर्तृत्व वादातीत आहे. प्रश्न कौशल्याचा नसून कथनाचा आहे. नथ, पैठणी, गजरा, समई ही या चित्रांची शब्दसंपत्ती. त्यांत एखादी श्रमजीवी स्त्री आली, तरी तिची टोपली अलंकार होते. तिच्या श्रमाला वजन नसते, घामाला थेंब नसतो.

येथे मराठी भाषेचे एक वैशिष्ट्य उपयोगी पडते. संपत्ती बाळगण्याचे सर्वसाधारण विधान करण्यासाठी मराठी 'असणे' या क्रियापदाचाच आश्रय घेते आणि संबंधाचा प्रकार प्रत्ययाने वा शब्दयोगी अव्ययाने सांगते. 'त्याच्याजवळ पैसे आहेत', 'त्याच्याकडे बैलजोडी आहे', 'त्याला शेती आहे', 'शेत त्याचे आहे', ही वाक्ये समानार्थी नाहीत. 'जवळ' सान्निध्य सांगते. षष्ठीचा 'चा-ची-चे' हा प्रत्यय येथे मालकी सांगतो. गुराख्याजवळ गावची सगळी गुरे असतात, पण ती गुरे गुराख्याची नसतात. मुखपृष्ठाचे व्याकरण यातील केवळ 'जवळ' जाणते. चित्रातील स्त्रीजवळ सोने आहे, एवढेच ते सांगू शकते. ते सोने कोणाचे, कोणाच्या कष्टाचे, कोणत्या खंडाचे वा व्याजाचे, हा षष्ठीचा संबंध चित्रात येत नाही. अशा रीतीने वर्ग हा एक संबंध न राहता वेषभूषा होतो.

या मर्यादेची खरी कसोटी मुंबई-पुण्याबाहेर लागते. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात दिघोरी हे गाव आहे. हा झाडीपट्टीचा, धानाचा आणि तलावांचा प्रदेश. येथील श्रीमंतीची परंपरागत चिन्हे अंगावर नसून जमिनीत आहेत: बांधी, बोडी, तलाव, धानाची खंडी. तलावाच्या पाण्याशी जवळीक गावातील प्रत्येकाची असे, स्वामित्व मालगुजाराचे. तलावबांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य विख्यात आहे. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तरी 'मालगुजारी तलाव' हे नाव राहिलेच. भाषेने षष्ठीचा संबंध विशेषणात जपून ठेवला. बांधीत वाकून रोवणी करणारी स्त्री आणि बांधावर उभा असलेला मालक यांतील अंतर कोणत्याही दागिन्याने दाखविता येणारे नाही.

दिवाळीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. दिवाळी अंक बाजारात येतात तेव्हा येथे भारी धान अजून शेतात उभे असते. सणाची समृद्धी अजून हाती आलेली नसते. पूर्व विदर्भात याच दिवसांत गायगोधन साजरे होते. परंपरेने दुसऱ्यांची गुरे राखणारे गोवारी त्या दिवशी गुरे सजवून मिरवतात, आणि त्यांना मान व बक्षिसी मिळते. पाठोपाठ मंडई भरते, दंडार रंगते. गोधनाच्या या दर्शनात धन आणि त्याचा राखणदार एकत्र दिसतात. तो मालक नाही हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. 'जवळ' आणि 'चे' यांतील भेद हा विधी उघड करतो. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ तोच भेद झाकते. विधीने तो भेद मिटविला असे मात्र नव्हे. दुसऱ्या दिवशी गुराखी गुराखीच असतो.

मुखपृष्ठे विक्रीसाठी असतात, वाचकाला सणाच्या दिवशी प्रसन्न चित्र हवे असते, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः खरा आहे. परंतु प्रसन्नतेला एकच रूप असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. 'किर्लोस्कर खबर' १९२० मध्ये जन्मली ती नांगराच्या कारखान्यात. तिच्याच परिवारातील 'स्त्री' (१९३०) मासिकाने शिकणारी, वावरणारी, काही करणारी स्त्री पुढे आणली. तेथे चित्रवाक्याला क्रियापद मिळाले, जरी कर्ता बहुधा मध्यमवर्गीयच राहिला. 'ललित'च्या दिवाळी अंकांवर वसंत सरवटे यांनी दीर्घकाळ केलेली चित्रे साहित्यव्यवहारातील मोठेपणाचीच थट्टा करतात, आणि तरीही ती प्रसन्न आहेत. १९५० नंतरच्या दशकांतील लघुनियतकालिकांनी चक्रमुद्रित कागदाचा दरिद्री पोत हेच आपले मुखपृष्ठ मानले. त्यांचे दारिद्र्य काहीसे स्वेच्छेचे होते, हेही नमूद केले पाहिजे. डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'ची (१९२०) गोष्ट निराळी. त्याच्या नावातच मुखपृष्ठाचा विषय होता: बोलू न शकणाऱ्यांचा नायक. तेथे वर्ण व वर्ग वेषाने नव्हे, शब्दाने सांगितला गेला.

या विवेचनातून अभ्यासकासाठी एक पद्धती निष्पन्न होते. मुखपृष्ठ पाहताना 'काय दाखविले आहे' या प्रश्नावर न थांबता तीन प्रश्न क्रमाने विचारावेत: चित्रात क्रियापद आहे काय, असल्यास कर्ता कोण, आणि जे जवळ दिसते ते कोणाचे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रात क्वचितच मिळेल. परंतु ते का मिळत नाही, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. 'मुखपृष्ठ आकर्षक आहे' या शेऱ्याने ते काम टाळले जाते, आणि दिघोरीचा वाचक ज्या संपत्तीच्या निर्मितीत सहभागी आहे, तिच्या चित्रात तो का नाही, हा प्रश्न अनुत्तरितच नव्हे, तर अनुच्चारित राहतो.