कानातून अंगात उतरलेले शब्द

काही वर्षांपूर्वी आईच्या उजव्या हाताला त्रास सुरू झाला. तपासणीआधी भरायचा इंग्रजी कागद माझ्या हाती आला. त्यात खूण करायला दोन चौकटी होत्या : 'टिंगल' आणि 'नम्ब'. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "झिणझिण्या येतात, मग हात मेल्यासारखा होतो, आणि रात्री ठणकतो." ठणक्याला चौकटच नव्हती. मी दोन्ही खुणा करून कागद परत दिला; पण या शब्दांची कुळं शोधण्याचा नाद तेव्हापासून लागला.

इंग्रजी 'टिंगल'चं आपल्या टिंगलीशी नातं नाही; तो 'टिंकल'चा, म्हणजे किणकिणीचा भाऊबंद. पूर्वी ही संवेदना कानांची होती. १६११च्या इंग्रजी बायबलात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, भयंकर वार्ता ऐकणाऱ्यांच्या कानांसाठी हाच शब्द आहे. आणि तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदाचं नातं झांजेच्या नावाशी आहे. शब्द आधी कानात वाजला, मग त्वचेवर पसरला.

एवढ्यावरून सगळेच संवेदनावाचक शब्द नादातून आले असं मानण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. 'थ्रिल' ऐकताना अंगावरचा शहारा ऐकू आल्यासारखा वाटतो, पण त्याचा मूळ अर्थ भोक पाडणं. नाकपुडीसाठीच्या 'नॉस्ट्रिल'मध्ये तेच जुनं भोक शिल्लक आहे. भावनेनं आरपार जाण्याचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. 'नम्ब' म्हणजे 'घेतलेला', पकडला गेलेला. शेवटचा 'बी' मागाहून चिकटला. त्याच धातूपासून चपळ या अर्थाचा 'निम्बल' आला. एक पकडणारा, एक पकडला गेलेला!

विद्वानही फसतात. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या कोशात 'एक' (दुखणं) या शब्दाचा संबंध ग्रीक दुःखवाचक शब्दाशी जोडला. तो चुकीचा होता. शब्द अस्सल जर्मानिक कुळातला. तरी त्या समजुतीला साजेसं 'सीएच' हे स्पेलिंग क्रियापदालाही कायमचं चिकटलं. सोस्यूर यांनीही नेमका हाच इशारा दिला होता : फ्रेंचमधला मृत्युघंटेचा शब्द 'ग्ला' घंटेसारखा वाजतो, पण तो तुतारीच्या इशाऱ्यासाठीच्या लॅटिन शब्दापासून झिजून बनला आहे. नाद कधी शब्दाच्या जन्माला कारण होतो, तर कधी झीज होता होता योगायोगानं हाती लागतो.

मात्र सोस्यूर यांनी अशा शब्दांना भाषेच्या कडेला बसवलं, ते मला मराठीपुरतं पटत नाही. आपल्याकडे ते कडेला नाहीत. भांडं ठणठण वाजतं, गळू ठणकतं. बाण सणसणत जातो, पाठीत सणक भरते. माश्या भणभणतात, डोकंही भणभणतं. पैंजण झणझणतात, आणि रस्सा झणझणीत होतो. शालेय व्याकरण यांतल्या बऱ्याच शब्दांना 'अनुकरणवाचक' म्हणून एका ओळीत निकालात काढतं. पण गळवाला आवाज कुठे असतो? मग अनुकरण कशाचं? एम. बी. एमेनो यांनी १९६९मध्ये दाखवलं, की अशा शब्दांची घडण आर्य आणि द्राविडी भाषांत सामाईक आहे. कुळं वेगळी असलेल्या भाषांनी शेजारातून कमावलेली ही ठेव आहे.

म्हणून माझी तक्रार अनुवादकांशी आहे, आणि त्यांत मीही आलो. 'टिंगल' दिसला की आपण 'मुंग्या' लिहून मोकळे होतो. मुंग्या ही नजरेची आणि स्पर्शाची प्रतिमा. झिणझिणीत नाद आहे. कोणता शब्द कुठे, हे कोश सांगणार नाही. वाक्याला कान लावावा लागतो.

आईच्या हाताचं निदान पुढे झालं, उपचारही झाले. पण त्या कागदावर मी चौकटींबाहेर, समासात, 'ठणका' असं मराठीत लिहायला हवं होतं. विचारणाऱ्याला तो कळला नसता, तर त्यानं निदान विचारलं तरी असतं.