वासा जहाजाचें संग्रहालय : मूळ आणि पुरवणी

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें एका बुडालेल्या जहाजाभोवतीं उभारलेलें 'वासा' संग्रहालय आम्हीं नुकतेंच सावकाश पाहिलें. (या नांवाचा आपल्या घराच्या वाशाशीं कांहीं संबंध नाहीं, तें तेथील तत्कालीन राजकुलाचें नांव होय.) जुन्या पोथ्या हाताळण्याची संवय असलेल्यास अशा ठिकाणीं पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, यांत मूळ किती, मागाहून भरलेलें किती, आणि दोहोंतील भेद पाहणारास स्पष्ट दाखविला आहे कीं नाहीं. १९९० सालीं उघडलेल्या या संग्रहालयाची कीर्ति मोठी आहे. परंतु आम्ही त्याचें परीक्षण या एकाच कसोटीवर करणार आहों.

कथा थोडक्यांत अशी. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याच्या आज्ञेनें बांधलेलें हें ६४ तोफांचें लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजीं प्रथमच निघालें आणि सुमारें १३०० मीटर जातें न जातें तोंच वाऱ्याच्या झोतानें कललें. खालच्या मजल्यावरील तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरून तें बंदरांतच बुडालें. सुमारें ३० माणसें गेलीं. १९५६ सालीं आंडर्स फ्रान्सेन यांनीं त्याचा ठाव लावला व २४ एप्रिल १९६१ रोजीं तें पाण्याबाहेर आलें. बाल्टिक समुद्राचें पाणी येथें फार थोडें खारट असल्यामुळें लांकूड पोखरणारा सागरी किडा जगत नाहीं, म्हणून तें टिकलें. आमच्या कोंकणच्या समुद्रांत ही सोय नाहीं; आंग्र्यांच्या आरमाराचा अभ्यास आपणांस मुख्यत्वें कागदांवरूनच करावा लागतो, हें वाचकांस सांगणें नको.

अखंड जहाज वर आलें, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा. लोखंडी खिळे गंजून गेल्यामुळें नाळेचा पुढील भाग व मागील उंच भागाचा वरचा अंश सुटून चिखलांत पडला होता. सुमारें १४,००० लांकडी तुकडे वेगळे मिळाले. त्यांत सुमारें ७०० कोरीव मूर्ति व नक्षीचे भाग होते. जहाजाचा आराखडा हातीं नव्हता. मग जोडणी कशी केली? तुकड्यावरील खिळ्यांचीं भोकें जहाजावरील भोकांशीं जुळवून! पृष्ठांक नसलेल्या पोथीचीं विस्कटलेलीं पानें कसरीच्या छिद्रांवरून लावणारास या उद्योगाचें मोल निराळें सांगावयास नको. जेथें मूळ तुकडा मिळाला नाहीं तेथें नवें लांकूड घातलें आहे, परंतु तें रंगवून जुन्यासारखें केलेलें नाहीं. काळवंडलेल्या जुन्या लांकडांत तें चटकन ओळखूं येतें. चौकटी कंसांत आपला पाठ घालणाऱ्या संपादकाची ही सचोटी होय, आणि आमच्या मतें संग्रहालयाचा हाच सर्वांत मोठा गुण.

रंगाच्या बाबतींत मात्र आमचें समाधान झालें नाहीं. आज सगळें जहाज गडद तपकिरी दिसतें. मुळांत मूर्ति भडक रंगांच्या होत्या. जवळच एक-दशांश प्रमाणाचा रंगविलेला नमुना ठेवला आहे. पूर्वीं पार्श्वभूमि निळी असावी असें मानीत. रंगाच्या अवशेषांची तपासणी झाल्यावर ती तांबडी ठरली. परंतु नमुन्यावर सर्वच रंग सारख्याच आत्मविश्वासानें दिलेले आहेत. कोणत्या मूर्तीवर रंगाचा कण खरोखर सांपडला आणि कोठें अनुमान आहे, हें नमुन्याकडे पाहून कळत नाहीं. जी शिस्त लांकडाला लावली ती रंगाला कां लावूं नये?

कागद आणि वस्तु यांचा मेळ मात्र मनोवेधक आहे. दुर्घटनेच्या चौकशींत एक गोष्ट उघड झाली : निघण्यापूर्वीं उपनौसेनापति क्लास फ्लेमिंग याच्या समक्ष ३० माणसें जहाजावर या बाजूकडून त्या बाजूकडे पळविलीं, आणि तीन फेऱ्यांतच जहाज इतकें डोलूं लागलें कीं परीक्षा थांबवावी लागली. तरीही तें निघालें. राजा त्या वेळीं प्रशियांत मोहिमेवर होता; शिक्षा अखेर कोणासही झाली नाहीं. कागद येथवर सांगतात. लांकूड आणखी सांगतें : जहाजावर कारागिरांच्या चार मोजपट्ट्या मिळाल्या, त्यांपैकीं कांहीं १२ इंचांच्या स्वीडिश फुटाच्या, तर कांहीं ११ इंचांच्या ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या. एवढ्यावरून जहाज बुडण्याचें कारण मोजपट्ट्यांवर लोटणें उतावळेपणाचें होईल. पाण्यावरील भार खालच्या भागाच्या मानानें फार झाला, हेंच मुख्य कारण होय.

'गुस्ताव' असें नांव दिलेला एक सांगाडा अनेक वर्षें पुरुषाचा म्हणून दाखविला जात होता. आनुवंशिक परीक्षेवरून तो स्त्रीचा असल्याचें संग्रहालयानेंच २०२३ सालीं जाहीर केलें. स्वतःचें शुद्धिपत्र इतक्या उघडपणें छापणारे संपादक आम्हीं थोडेच पाहिले आहेत.

राहतां राहिलें तें संरक्षण. लांकूड आकसूं नये म्हणून त्यांत १७ वर्षें पॉलिएथिलीन ग्लायकोल नांवाचें मेणासारखें द्रव्य फवाऱ्यानें मुरविलें. म्हणजे जें लांकूड मूळ म्हणून आपण पाहतों त्याच्याही पोटांत पुरवणी आहे. शिवाय बंदराच्या मलिन पाण्यांतील गंधक लांकडांत साठलेला होता. २००० सालीं पृष्ठभागावर पिवळसर-पांढरे क्षार दिसूं लागले. लोहाच्या संगतीनें गंधकाचें आम्ल होत होतें. लोहयुक्त शाईनें कागद खाल्लेला ज्यानें पाहिला आहे त्यास हा रोग परका नाहीं. पुढें हवेंतील आर्द्रता कडक नियंत्रणाखालीं आणली, व २०१८ पर्यंत ५,००० हून अधिक खिळे काढून त्या जागीं न गंजणाऱ्या पोलादाचे बसविले. जहाजाचें लांकूड अद्याप वर्षास सुमारें एक मिलिमीटर सरकतें, आणि त्याची मोजणी चालू आहे.