क्रिस्तपुराण, ख्रिस्तायन आणि एक मराठी शंका

पुनरुत्थानाविषयीं आमच्याकडे झालेले वाद वाचतांना एक गोष्ट वारंवार खटकते. उत्तर देणारा ह्यूमला उत्तर देत असतो, आणि विचारणारा ह्यूमचा शिष्य नसतोच. चमत्काराच्या साक्षीवर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हा १७४८ सालचा ह्यूमचा प्रश्न इंग्रजी शिक्षणाबरोबर आमच्यांत आला खरा. पण मराठी माणसाची मूळ शंका निराळी आहे. उस्मानपुऱ्यांत आमच्या घरीं येणारे एक स्नेही ती एका वाक्यांत मांडतात : “आत्मा अमर आहे हें आम्हांला कबूलच आहे, मग टाकून दिलेलें जुनेर पुन्हां अंगावर चढविण्याचा हा सोस कशाला?” या शंकेंत नास्तिक्य नाहीं. उलट तींत श्रद्धाच फार आहे, आणि म्हणूनच थडगें रिकामें होतें कीं नव्हतें याचे पुरावे पुढें मांडून तिचें समाधान होत नाहीं.

मराठींत ही कथा विस्तारानें सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनीं. १५७९ सालीं गोव्यांत उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें; ओंव्या सुमारें अकरा हजार. श्रोत्यानें मध्येंच शंका काढावी व पाद्री गुरूनें तिचें निरसन करावें, ही आपल्या पुराणांची रीत त्यांनीं उचलली. आमच्यापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर पैठणास नाथमहाराज नांदत होते त्याच काळांत हा परदेशी माणूस गोव्यांत मराठी शिकत होता, हें आठवलें म्हणजे मन सुखावतें. परंतु स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचा त्यांचा निर्णय मला दुधारी वाटतो. त्या शब्दानें परलोक परका राहिला नाहीं हें खरें. पण वैकुंठास पोंचलेल्यानें पुन्हां उठावयाचें तें कशासाठीं? शब्द जवळचा झाला आणि शिकवण दूर गेली.

अर्थात् मराठी मनाला देहाचा तिटकारा आहे हें तरी कितपत खरें? तुकोबा सदेह वैकुंठास गेले ही समजूत कोणा परकीयानें रुजविलेली नाहीं. ज्ञानदेवांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली. पुढें त्यांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली असल्याचा दृष्टांत नाथांना झाला आणि ते ती सोडवावयास गेले, ही कथा पैठणांत पोरालाही ठाऊक. देह म्हणजे केवळ जुनेर, असें असतें तर ती मुळी टोंचली कोणाला? मला वाटतें, देह आपल्याला हवाच असतो. फक्त तो मेलेला नको असतो. सदेह वैकुंठगमनांत मृत्यु टळतो, संजीवन समाधींत तो उंबऱ्याबाहेर राहतो. ख्रिस्ती कथेंत मात्र तो पुरता घडतो. वधस्तंभ, प्रेत, कफन, दारावर लोटलेली धोंड. आणि मग तिसरा दिवस. आमच्या प्रचारकांनीं हा भेद स्पष्ट करावयाचा सोडून आत्म्याच्या अमरत्वावरच प्रवचनें झोडलीं, म्हणजे स्नेह्यांना जें आधींच मान्य होतें तेंच पुन्हां सांगितलें.

स्नेह्यांची दुसरी शंका, जळून राख झालेलें काय उठणार? ही तर फार जुनी आहे. १७७ सालीं लियों येथें हुतात्म्यांचीं प्रेतें जाळून त्यांची राख ऱ्होन नदींत लोटली गेली ती यांची उठण्याची आशाच बुडावी म्हणून. १९६३ सालीं कॅथलिक चर्चनें दहनास मोकळीक दिली तेव्हां पुनरुत्थानाचा सिद्धांत मुळींच बदलावा लागला नाहीं. कारण पौलानें करिंथकरांस दिलेला दाखला प्रेताच्या डागडुजीचा नाहीं, दाण्याचा आहे. तो मराठवाड्यांत कोणाला समजावून द्यावा लागूं नये. पेरलेली ज्वारी महिन्यानें उकरून पाहिली तर दाणा हातीं लागत नाहीं; कणीस मात्र ज्वारीचेंच येतें. दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हें मी जाणतों. पुराव्याविषयीं एवढेंच म्हणतों : चारही शुभवर्तमानांत प्रत्यक्ष उठण्याचा क्षण कोणीं वर्णिलेला नाहीं, आणि मार्काच्या अत्यंत जुन्या हस्तलिखितांत तर शेवटीं भ्यालेल्या बायका पळतात, तेथेंच लेखणी थांबते. रचून सांगणारा इतका हात आंखडता घेत नाहीं, असें साहित्याचा वाचक म्हणून मला वाटतें. याहून अधिक भार या मुद्द्यावर घालूं नये.

आतां ‘ख्रिस्तायन’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं तें आरंभिलें; सुरुवातीचे मोजके अध्याय झाले तों १९१९ सालीं ते वारले. ख्रिस्ताचें मरण आणि उठणें लिहावयाचें राहिलें तें लक्ष्मीबाईंवर. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां आप्तांच्या लेखीं ते मेल्यांत जमा झाले होते. पुढें कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर नवराबायको एकत्र आलीं, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्यांस सांगणें नको. टिळकांच्या रचनेचा डौल लक्ष्मीबाईंच्या अध्यायांना नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण एकदां गमावलेला नवरा जिला परत मिळाला, आणि दुसऱ्यानें गेला तो या जगापुरता कायमचा, त्या बाईच्या वांट्यास हा भाग यावा याला मी केवळ योगायोग म्हणूं शकत नाहीं. थडग्यापाशीं रडणाऱ्या मग्दालीया मरीयेला आत्मा अमर आहे हें कोणीं सांगितलें असतें तर तिचें रडें थांबलें असतें काय? तिला तेंच माणूस हवें होतें. आणि तिनें ओळखलें तें नांवानें हाक आली तेव्हां.

थोमानें तर घावच पाहावयास मागितले, आणि त्याला ते दाखविण्यांत आले. उठलेल्या देहावर खिळ्यांचे वण कायम होते. जुनेर टाकून नवें नेसलें म्हणजे जुन्याचे डाग नव्यावर येत नाहींत; येथें ते आले आहेत. सोसलेलें पुसून न टाकतां जिवंत होणें, हा अर्थ ‘वैकुंठ’ शब्दांत मावत नाहीं, आणि ‘पुनर्जन्म’ शब्दांत तर नाहींच नाहीं.

स्नेह्यांना मीं हें सांगितलें. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वणांचें पटतें. राखेचें अजून पटत नाहीं.” जातांना ‘ख्रिस्तायन’ मात्र बरोबर घेऊन गेले.