हिरवं दिसलं म्हणजे झालं का?

आम्ही प्रोग्रामर नव्हे. आमचं आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं. पण आपल्या बुलढाण्याची जी मुलं पुण्यात नोकरीला आहेत, त्यांच्याकडून एक वाक्य वरचेवर ऐकतो : ‘सर, सगळ्या टेस्ट पायटेस्टवर हलवल्या, सगळं हिरवं आहे.’ आमचा आक्षेप पायटेस्टवर नाही, या ‘हिरवं आहे’वर आहे.

हलवण्याची कारणं खरी असतात. ‘नोज’ या जुन्या साधनाची देखभाल थांबली, तेव्हा नमपायनंही २०१८ साली १.१५ या आवृत्तीत पायटेस्ट स्वीकारलं. साधं ‘असर्ट’ लिहिलं की भागतं, आणि टेस्ट नापास झाली तर दोन्ही बाजूंच्या किमती समोर येतात. चांगलंच आहे.

आता हे बघा. बेरीज ५०० आली का, हे तपासायला कुणी घाईत ‘असर्ट-इक्वल’ऐवजी ‘असर्ट-ट्रू’ लिहिलं आणि कंसात बेरीज व ५०० दोन्ही दिले. असर्ट-ट्रू तपासतं फक्त पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे नापास झाल्यावर दाखवायचा निरोप. बेरीज ३०० आली तरी पास! ही ओळ साध्या असर्टमध्ये जशीच्या तशी उतरवली, तरी तीच गत. भांडं नवं, भोक जुनंच.

अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात धुरावरून अग्नीचं अनुमान करताना दोन दाखले येतात. स्वयंपाकघर : धूर आहे, अग्नी आहे. आणि सरोवर : अग्नी नाही, धूरही नाही. पहिला अन्वय, दुसरा व्यतिरेक. आपल्याकडे तर लोणार आहे, दाखला शोधायला लांब जायला नको! (पहाटेचं धुकं धूर समजू नका म्हणजे झालं.) हिरवी टेस्ट हा नुसता अन्वय. कोड मुद्दाम बिघडवला आणि टेस्ट लाल झाली, तर तो व्यतिरेक. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ मध्ये हाच विचार ‘म्युटेशन’ म्हणून मांडला.

शिवाय टेस्ट मोजा. नोजच्या वळणाच्या ‘यील्ड’ टेस्ट पायटेस्ट ४.० पासून चालतच नाहीत. आधी किती चालल्या नि आता किती, हे कोण बघतं?

एकाला आम्ही विचारलं, ‘अधिकच्या जागी वजा टाकून पाहिलंस का?’ म्हणाला, ‘नाही सर. दोन आठवडे मिळाले होते, ते फक्त हलवण्याचे.’