एरियल की हेल्वेटिका? आधी 'आर'चा पाय बघा

माझ्या एका आलेखात मी क्लोरीनचं चिन्ह टाकलं होतं. गाईडनी विचारलं, "हा कॉन्फिडन्स इंटरव्हल कुठून आला?" चूक त्यांची नव्हती. फॉन्ट एरियल होता, आणि त्यात स्मॉल एल व कॅपिटल आय म्हणजे जवळजवळ सारख्याच दोन उभ्या काठ्या. 'सीएल' आणि 'सीआय' वेगळं दिसणार कसं?

तेव्हापासून मी अक्षरं नीट बघू लागलो. अनेक जर्नल आकृत्यांसाठी "एरियल किंवा हेल्वेटिका" असं एका दमात सांगतात. हेल्वेटिका १९५७ ची, स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी मॅक्स मीडिंगर यांनी रेखाटलेली. एरियल १९८२ चा, मोनोटाइपमधल्या रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांचा. एरियलच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम हेल्वेटिकाशी जुळवलेली आहे, म्हणजे फॉन्ट बदलला तरी ओळी तिथेच तुटतात. त्यामुळे रुंदी मोजून काही कळत नाही. मग काय बघायचं?

कॅपिटल आर: हेल्वेटिकात पाय वळून जवळजवळ सरळ खाली येतो, एरियलमध्ये तिरका जातो.
कॅपिटल जी: हेल्वेटिकात उजवीकडे खाली छोटा काटा असतो, एरियलमध्ये नसतो.
स्मॉल टी: हेल्वेटिकात डोकं आडवं कापलेलं, एरियलमध्ये तिरकं.

"एरियल म्हणजे हेल्वेटिकाची स्वस्त नक्कल" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मला ते अर्धंच पटतं. मापं हेल्वेटिकाची आहेत, पण वळणं मोनोटाइपच्या जुन्या ग्रोटेस्क अक्षरांच्या जवळ जातात. माप जुळलं म्हणजे वस्तू एकच, असा निष्कर्ष आपण प्रयोगशाळेत काढू का?

माझी खरी तक्रार दोघांबद्दलही आहे. मोठ्या जाहिरातीवर हेल्वेटिका देखणी दिसते, हे मान्य. पण आलेखाच्या अक्षाखाली आठ पॉइंटात एल आणि आय ओळखू येत नसतील, तर ते देखणेपण आपल्या काय कामाचं? मॅथ्यू कार्टर यांचा व्हर्डाना बघा. त्यात कॅपिटल आयला वर-खाली आडव्या रेघा आहेत, घोटाळाच होत नाही.

तेव्हा थीसिस छापायला टाकण्याआधी एक करा. कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक हा आकडा शेजारी शेजारी टाइप करा आणि आलेखातल्या आकारात प्रिंट काढा. तिन्ही वेगळे दिसले नाहीत, तर फॉन्ट बदला. जर्नलचा नियमच आड येत असेल, तर चिन्हाऐवजी सरळ 'क्लोरीन' असा पूर्ण शब्द लिहा.