नागसेनाचा रथ आणि चिक चॉकलेटचा बँड

ही व्याख्यानमाला तत्त्वज्ञानाची, आणि आज आम्ही बोलणार आहोत ट्रम्पेट, बोंगो आणि गोव्याच्या एका वादकाविषयी. तेव्हा नातं आधी सांगून टाकतो.

नागसेनवन ज्या गावात आहे तिथे मिलिंदप्रश्न फार समजावून सांगावा लागू नये. राजा मिलिंद रथातून आला. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक का? आस का? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी रथ हे एक नाव उरतं, भागांच्या जुळणीला दिलेलं. हाच प्रश्न बँडला विचारून बघा. ट्रम्पेटवाला म्हणजे बँड का? ड्रमवाला? वादक बदलतात, चाली बदलतात, श्रोते म्हातारे होतात, नाव तेच राहतं. मग एखाद्या बँडचा वीस-तीस वर्षांत विकास झाला असं आपण म्हणतो, तेव्हा विकास नेमका कशाचा होतो?

न्यूयॉर्कमध्ये 1940 साली माचितो या क्यूबन गायकाने आपला बँड उभा केला. नावच ठेवलं 'आफ्रो-क्यूबन्स'. त्या काळात हे नाव घ्यायला धाडस लागत होतं. संगीताची बाजू त्याचा मेहुणा मारिओ बाउसा सांभाळत होता. 1943 मध्ये त्यांनी 'टांगा' बसवलं. जॅझची पितळी वाद्यं आणि क्यूबाचा ताल यांची खरी सोयरीक तिथून धरतात. माणसं येत-जात राहिली, पण कोणतं वाद्य कुठे शिरेल याची लिहिलेली वही बँडचीच राहिली. स्वतंत्र बँड आम्ही याला म्हणतो. मालक नसणं ही दुय्यम गोष्ट. वही कोणाच्या पेटीत आहे ते बघायचं.

आता त्या तालाकडे येऊ. बसल्या जागी करून बघा. सोळा मात्रा मोजा, आपल्या तीनतालासारख्या. टाळी मात्र चार-चारवर द्यायची नाही. पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी, एवढ्या पाचच टाळ्या. अंतरं पडतात तीन, तीन, चार, दोन, चार. याला क्लावे म्हणतात. जमलं नाही तर हसू नका, पहिल्यांदा कोणालाच जमत नाही. गंमत अशी की यात भरी आणि खाली दोन्ही आहेत. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. एक अर्धा गजबजलेला, दुसरा मोकळा. तबल्याची सवय असलेल्या कानाला हे ओळखीचं वाटतं आणि त्याच वेळी कुठेतरी खटकतं. आपण समेची वाट बघत असतो, आणि इथे ओढ सगळ्या आवर्तनभर वाटून टाकलेली असते.

हा ताल मुंबईला आला तो हॉटेलांतून आणि ग्रामोफोनमधून. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं स्वरलिपी वाचायला शिकत, त्यामुळे छापील कागद हाती पडला की वाजवू शकणारे लोक मुंबईत तयार होते. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. जन्म 1916 चा. जगाला ते माहीत झाले चिक चॉकलेट या नावाने. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा, आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हे बिरूद आम्हाला नेहमीच थोडं खुपतं. कौतुक करतानाही आपण माणसाला दुसऱ्याची प्रत ठरवतो.

दुसऱ्या बाजूला पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांबे इथून फार लांब नाही; गोदावरीकाठचं, चांगदेवाच्या समाधीचं गाव. चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले, आणि हॉटेलातला रात्रीचा बँड दिवसा स्टुडिओत येऊन बसला. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटलं, आणि अशा कितीतरी वादकांना स्टुडिओ हाच आधार उरला. विकासामागे प्रतिभेइतकीच पोटाची निकड असते. समीक्षक हे सहसा लिहीत नाहीत.

1950 च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' सगळ्यांना पाठ आहे. एडमुंडो रॉस यांच्या बँडने गाजवलेल्या 'चिको चिको'वरून ते घेतलेलं, आणि चोरीचा आरोप म्हणाल तर तो तेव्हापासूनचा आहे. आमचं मत विचाराल तर आरोप खरा आहे आणि बिनमहत्त्वाचा आहे. चाल उचलणं सोपं. पण ऐकताना लक्ष द्या, चालीतलं लॅटिनपण वरवरचं राहतं आणि खाली आपला कहरवा सुखाने चालू असतो. गाणं गोड आहे, पण लॅटिन म्हणून ते पाहुण्यासारखं दिवाणखान्यातच बसून राहतं.

पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, भगवानदादांचा 'अलबेला' आला, आणि हा पाहुणा स्वयंपाकघरात पोचला. 'शोला जो भडके'मध्ये ढोलकची जागा बोंगोने घेतली आहे. बोंगो हे क्यूबाचं वाद्य. ही लॅटिन तालवाद्यं हिंदी चित्रपटात रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचं नाव आदराने घ्यायला हवं. इथे गाणं ताल दडपत नाही. लता आणि स्वतः चितळकर अगदी हलक्या आवाजात गातात, आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आपापली पाळी आली की बोलतात. गायक, पितळ आणि चामडं एकमेकांना जागा देताहेत. ही बँडची शिस्त आहे. पेटीवर चाल सुचवणाऱ्या एकट्या माणसाला ती साधत नाही. म्हणून 'अलबेला' आम्ही 'समाधी'च्या कितीतरी वर ठेवतो, आणि त्यातला मोठा वाटा चिक चॉकलेटच्या मंडळींना देतो. त्याच चित्रपटात ती मंडळी झालरींचे लॅटिन अमेरिकन वेश घालून पडद्यावरही दिसतात. वेश हास्यास्पद आहेत, वादन नाही.

आणि आमची खरी तक्रार इथेच आहे. माचितोची वही माचितोच्या पेटीत राहिली. चिक चॉकलेटच्या बँडने स्टुडिओत जे घडवलं ते संगीतकाराच्या नावाने तबकडीवर गेलं. वाद्यं कोणी वाजवली, कुठला तुकडा कोणाला सुचला, तबकडीवर एक अक्षर नाही. सी. रामचंद्रांनी कोणाचं काही हिरावून घेतलं असं आम्ही म्हणत नाही; रीतच तशी होती. पण मग मिलिंदाचा प्रश्न उलटा होतो. इथे रथाचं नाव उरलं नाही. चाकं, आस, जू सगळं दुसऱ्या रथाला जोडलं गेलं, तो रथ दिमाखात पुढे गेला, आणि पहिला रथ कधी होता का, असं विचारायची वेळ आली. आपल्या वरातीतले ब्रास बँड 'शोला' वाजवतात, पोरं भगवानदादांची पावलं टाकतात. तो ताल त्या पावलांपर्यंत कोणी आणला हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

चिक चॉकलेट 1967 मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी 'आखरी खत' प्रदर्शित झाला. संगीत खय्याम यांचं, 'रुत जवाँ' गाणारे भूपिंदर तेव्हा अगदी नवे. क्लबच्या त्या प्रसंगात ट्रम्पेट हातात घेतलेले चिक चॉकलेट दिसतात. 'अलबेला' आणि हे, दोन्ही एकापाठोपाठ बघा. पहिल्यात झालरी आहेत, दुसऱ्यात नाहीत. आणि दुसरं बघताना थोडा वेळ गायकाकडे बघू नका.